वाघ एक, जागले चार

प्रश्न : आम्ही एक वाघ विरुद्ध चार जागले (रात्री शेत राखणारे) असा मोबाइल गेम बनवतोय. वाघ मिनिटभरात एकाला बाद करतो अन् तो खेळाडू गेमच सोडून जातो. वाघाचा वेग कमी करावा का?
– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : वेगाला हात लावू नका. ‘डेड बाय डेलाइट’ या एक मारेकरी विरुद्ध चार पळणारे अशा गेममध्ये (२०१६) पळणारा सेकंदाला ४ मीटर धावतो, मारेकरी बहुधा ४.६. म्हणजे ६ मीटरचं अंतर सरळ रेषेत १० सेकंदांत संपतं. पाठलाग लांबतो तो अडथळ्यांमुळे. धुऱ्यावर, तुरीच्या तासांत वळणं द्या, मचाणाला फेरा मारता येऊ द्या. मात्र भक्कम अडथळा एकदाच वापरता यावा, नाहीतर वाघ खेळणारा वैतागेल. पहिल्या झडपेत जागल्या जखमी, दुसरीत आडवा. सोबत्यांना त्याला उचलायची संधी हवीच. वाघ पडलेल्यापाशीच ठाण मांडत असेल, तर तेवढ्या वेळात उरलेल्या तिघांचं काम झपाट्यानं पुढे सरकलं पाहिजे.