उतरले ते विमान वाचतेच असे नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २००३ साली बगदादहून निघालेल्या एका मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागले आणि तरीही वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवले, असे वाचले. वैमानिकांच्या कौतुकाबद्दल पुष्कळ माहिती मिळते, पण विमानाचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. ते दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. ते विमान पुन्हा कधीच उडाले नाही.

२२ नोव्हेंबर २००३ रोजी डीएचएल या मालवाहतूक कंपनीचे हे एअरबस ए३०० बगदादहून बहारीनकडे निघाले. ते सुमारे आठ हजार फुटांवर असताना जमिनीवरून एका माणसाने खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र त्याच्या डाव्या पंखावर आदळले. या जातीच्या विमानात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक प्रणाल्या, म्हणजे तेलाच्या दाबाने सुकाणू आणि झडपा हलवणाऱ्या यंत्रणा असतात; एक निकामी झाली तर दुसरी आणि तीही गेली तर तिसरी हाताशी असते. त्या दिवशी तिन्हींतले तेल वाहून गेले. सुकाणूपासून पंखांवरच्या झडपांपर्यंत काहीच हलेना, आणि फुटलेल्या टाकीतल्या इंधनाने पंख पेटला. कॅप्टन एरिक जेनॉट, सहवैमानिक स्टीव्ह मिशिल्सेन आणि फ्लाइट इंजिनिअर मारिओ रोफेल यांनी केवळ दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून विमान वळवले, चढवले, उतरवले आणि बगदादच्याच धावपट्टीवर टेकवले. तिघांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

टेकल्यावर मात्र विमान धावपट्टीवरून बाजूला घसरले आणि वाळूचा लोट उडवत, काटेरी तारेचे कुंपण ओढत सुमारे एक हजार मीटरवर जाऊन थांबले. आता त्याचे मूल्य ठरवणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहू. हे विमान १९७९ सालचे होते. मलेशियात प्रवासी वाहून झाल्यावर मग ते मालवाहू झाले होते, म्हणजे अपघाताच्या वेळी त्याने चोविशी गाठली होती. पंखाचा मागचा भाग जळून उघडा पडला होता. आगीची झळ लागलेले ॲल्युमिनियम वरून धड दिसले तरी त्याची ताकद कमी झालेली असू शकते, त्यामुळे काळवंडलेला पत्रा तेवढा कापून नवा बसवला असे करून भागत नाही. आजूबाजूच्या सांगाड्याचा कठीणपणा आणि विद्युतवाहकता इंचाइंचावर तपासावी लागते. हे काम मोठ्या हँगरमध्ये, निर्मात्या कंपनीचे अभियंते हाताशी असताना करायचे; इथे विमान युद्धभूमीवर उघड्यावर उभे होते. ते जिथे उतरले ती जागा विमानाच्या दुखापतीइतकीच त्याला महागात पडली, असे मला वाटते. हेच विमान हीच जखम घेऊन फ्रान्समध्ये तुलूझला, म्हणजे एअरबसच्या माहेरी उतरले असते, तर निदान दुरुस्तीचा अंदाजखर्च तरी कोणी मनापासून काढला असता.

प्रश्न : विमान मोडीत काढायचे की दुरुस्त करायचे, हे नेमके कोण ठरवते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटचा शब्द बहुधा अभियंत्याचा नसून विमा कंपनीचा असतो. विमानाचा विमा उतरवताना त्याची किंमत आधीच ठरवून करारात लिहिलेली असते. दुरुस्तीचा खर्च त्या रकमेच्या जवळपास जाऊ लागला की विमा कंपनी संपूर्ण नुकसान झाल्याचे मान्य करते, मालकाला ठरलेली रक्कम देते आणि मोडके विमान स्वतःकडे घेऊन विकते. अपघातात सापडलेल्या जुन्या मोटारीबाबत आपल्याकडे जे होते तेच हे. युद्ध, दहशतवाद आणि अपहरण या गोष्टी नेहमीच्या विमान विम्यात धरलेल्या नसतात; त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

मालवाहू विमानांचे या हिशेबात फार लवकर वाजते, कारण त्यांतली बरीच विमाने प्रवासी सेवेतून निवृत्त होऊन मालवाहतुकीला लागलेली असतात. वय जास्त, किंमत कमी. मग एखादी मध्यम दुरुस्तीही परवडत नाही. ७ एप्रिल २०२२ रोजी कोस्टारिकातील सान होसे येथून ग्वाटेमालाला निघालेले डीएचएलचे बोइंग ७५७ हायड्रॉलिक बिघाडामुळे परत फिरले, उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला भेलकांडून घसरले आणि त्याची शेपूट तुटून वेगळी झाली. दोन्ही वैमानिक बचावले. विमानाचे काय करायचे हा प्रश्नच तिथे उरला नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवे. ७ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत मेम्फिसहून निघालेल्या, फेडेक्स या मालवाहतूक कंपनीच्या डीसी-१० विमानात, कंपनीचाच एक कर्मचारी फुकट प्रवास करण्याच्या निमित्ताने चढला आणि त्याने हातोड्याने तिन्ही वैमानिकांची डोकी फोडली. जखमी सहवैमानिकाने हल्लेखोराचा तोल जावा म्हणून एवढे अवजड विमान जवळजवळ उलटे केले आणि ठरलेल्या वेगमर्यादेपलीकडे सूर मारला. नंतर कॅप्टनने इंधनाने भरलेले, उतरण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जड असलेले ते विमान मेम्फिसलाच उतरवले. सांगाड्यावर इतका ताण पडल्यावर ते बाद झाले असते तर नवल नव्हते. पण विमान तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते, ते उतरले होते कंपनीच्या मुख्य तळावर, आणि तपासणीनंतर ते दुरुस्त झाले. पुढे त्याचे नवे, दोन वैमानिकांचे कॉकपिट बसवून एमडी-१० असे नामांतर झाले आणि २०२२ च्या अखेरीपर्यंत ते माल वाहत राहिले. ते तिघे वैमानिक मात्र पुन्हा कधी व्यावसायिक उड्डाणावर जाऊ शकले नाहीत.

मोडीत निघालेल्या विमानातही सगळेच भंगार नसते. इंजिने, चाकांचे सांगाडे, संगणक आणि शेपटीतले छोटे जनित्र यांनाच खरी किंमत असते. उरलेला पत्रा किलोने जातो. अर्थात अपघातग्रस्त विमानातून काढलेला भाग दुसऱ्या विमानात बसवायचा तर त्याची नव्याने तपासणी आणि चोख कागदपत्रे लागतात. अपघाताचा शेरा असलेला सुटा भाग खरेदीदार सहसा हाताळायलाच तयार नसतात, त्यामुळे एरवी सोन्याच्या भावाने जाणारे इंजिनही अशा वेळी बरेच घसरते.

प्रश्न : मोडलेले विमान धावपट्टीवरून लगेच का हलवत नाहीत?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघात ज्या देशात झाला त्या देशाच्या तपास यंत्रणेचा ताबा आधी येतो. ब्लॅक बॉक्स काढणे, छायाचित्रे घेणे, चाकांच्या खुणा मोजणे झाल्याशिवाय विमानाला हात लावता येत नाही. त्यानंतर इंधन काढायचे, माल उतरवायचा, पंखांखाली हवेच्या मोठ्या पिशव्या फुगवून विमान उचलायचे, आणि हे सारे उरलेसुरले विमान आणखी मोडू न देता करायचे असते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून एक प्रवासी विमान पुढे घसरून पावसाच्या चिखलात रुतले, तेव्हा ती धावपट्टी तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिली होती.

मालक आणि पैसा दोन्ही नसले तर विमान किती काळ पडून राहू शकते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. १९९१ साली इंजिनातील बिघाडामुळे उतरलेले बोइंग ७२० तुमच्या विमानतळावरून हलायला २०१५ साल उजाडले. ते मालवाहू नव्हते, पण तिढा तोच होता.

प्रश्न : अशा विमानात आपला माल असेल तर भरपाई मिळते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : माल बोटीने जात असेल तर संकटात जहाज वाचवण्याच्या खर्चाचा वाटा मालाच्या मालकांनाही उचलावा लागतो, विमानात तसे नाही. माल धड असेल तर तो दुसऱ्या विमानाने पुढे जातो, उशीर तेवढा होतो. खराब झाला तर माँट्रियल करार या विमान वाहतुकीतील भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई मिळते, पण ती वजनावर : २०२४ च्या अखेरीपासून किलोमागे कमाल २६ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. पाठवतानाच मालाची किंमत घोषित करून जादा आकार भरला असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. नुकसान युद्धामुळे किंवा सशस्त्र संघर्षामुळे झाल्याचे विमान कंपनीने सिद्ध केले, तर मात्र तिची जबाबदारी संपते. म्हणून किमती माल अशा भागातून जाणार असेल तर मालाचा विमा स्वतंत्र उतरवावा आणि त्यात युद्धाची जोखीम धरली आहे की नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.