ख्रिस्ती धर्म शांतीचा, मग बायबलमध्ये चिलखत आणि तलवार कशाला?

तुम्ही विचारलंय की येशू शत्रूवर प्रीती करा म्हणतो, तरी मंडळीत (चर्चमध्ये) 'देवाची शस्त्रसामग्री' यावर प्रवचनं होतात, हे कसं जमतं; आणि बायबलमध्ये वस्त्रांचा एवढा उल्लेख का. मी नंदुरबारची, संडेस्कूल घेते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

मूळ उतारा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाने इफिसच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या, ६व्या अध्यायात आहे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण (छातीवरचं चिलखत), पायांत शांतीच्या सुवार्तेची (शुभ संदेशाची) सिद्धता, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन. हे लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत आहे. पहाऱ्यावरच्या रोमी शिपायाकडे बघून त्याला हे सुचलं असं बरेच पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतात. असेलही, पण खरं मूळ त्याहून जुनं आहे. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५९वा अध्याय उघडा. देशात न्याय उरलेला नाही, मध्ये पडणारं कोणी नाही, तेव्हा देव स्वतः नीतिमत्त्वाचं उरस्त्राण घालतो, तारणाचं शिरस्त्राण डोक्यावर चढवतो. म्हणजे हे चिलखत आधी देवाच्या अंगावरचं! त्याच वचनात देव सूडाची वस्त्रंही नेसतो. पौल उरस्त्राण आणि शिरस्त्राण उचलतो, सूडाची वस्त्रं मात्र उचलत नाही. सूड देवाकडे सोपवा, असं तो रोमकरांना स्पष्ट लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं.

मे महिन्यात आम्ही मुलांसाठी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घेतो, तेव्हा पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून ही शस्त्रं बनवतो. तलवार हातात आली की मुलं ती आधी शेजारच्यावरच उगारतात. मी तिथेच थांबवून १२वं वचन वाचून घेते: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. माणूस शत्रू नाही, हे कळल्याशिवाय पुढचं एक अक्षरही नीट कळत नाही. शिवाय त्या उताऱ्यात चाल करून जा असं कुठेच नाही, 'उभे राहा' हेच पुन्हा पुन्हा आहे. रोमी शिपायाच्या खिळे ठोकलेल्या वहाणा युद्धात पाय रोवायला असत, आणि पौल त्यांना शांतीच्या सुवार्तेशी जोडतो.

कमरबंद आधी येतो, तेही समजण्यासारखं आहे. त्या काळचा अंगरखा घोळदार. आमच्याकडे कापूस वेचायला निघालेली बाई पदर कमरेला घट्ट खोचते, वर ओटी बांधते आणि मगच शेतात उतरते, तसंच ते.

एक विनंती. 'शिरस्त्राण म्हणजे विचारांचं रक्षण' असे पक्के तक्ते पाठ करू नका. १ थेस्सलनीका ५:८ मध्ये पौलच उरस्त्राणाला विश्वास आणि प्रीती म्हणतो, शिरस्त्राणाला तारणाची आशा.

वस्त्रांचंही सूत्र हेच, घालणारा देव. उत्पत्ती ३ मध्ये आदाम-हव्वा अंजिराची पानं जोडून लाज झाकतात. देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो, आणि तीही बागेतून बाहेर काढण्याआधी. हे मला फार हलवून जातं. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, पैसा उधळून घरी परतलेल्या मुलाची माफी पुरती बोलून होत नाही तोच बाप उत्तम झगा आणायला सांगतो. गलतीकरांस पत्रात तर बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्तालाच परिधान केलं आहे असं म्हटलंय. कलस्सै ३ मध्ये करुणा, ममता, लीनता, सहनशीलता अंगावर घ्यायची आणि त्या सगळ्यांवर प्रीती. चिलखत आणि ही वस्त्रं वेगळी काढून वाचली की चिलखताचा अर्थ हमखास बिघडतो.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १९ मध्ये, स्वर्गातलं सैन्य घोड्यांवर येतं, पण अंगावर स्वच्छ पांढरं तागाचं वस्त्र, चिलखताचा उल्लेखच नाही. तलवार एकच, तीही पुढच्या स्वाराच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, मुखातून निघणारी. वाचायला बसलात तर आधी यशया ५९, मग इफिस ६, लगेच कलस्सै ३ घ्या. तासाभरात होतं.