‘चुंबकाने माझ्या नजरेतलं माप जाईल का?’

डॉक्टरांनी नैराश्यावर टीएमएस हा चुंबकाचा उपचार सुचवला की लोक समुपदेशक म्हणून मला फोन करतात. प्रश्नाचे शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो. ‘हा शॉकचाच प्रकार ना?’ ‘स्मरणशक्तीवर परिणाम होईल का?’ आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘मॅडम, मी मीच राहीन ना?’ गेल्या काही महिन्यांत हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डोक्यावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, टेकवतात आणि तिच्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आत जातं आणि कॉइलखालच्या मेंदूच्या भागात बारीकसा विद्युतप्रवाह उठवतं. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. डोक्यावर असं एक क्षणभराचं चुंबकीय स्पंदन दिलं आणि हाताचा स्नायू हलला! भूल नाही, चिरफाड नाही, शॉकसारखी फिट आणणं हा तर हेतूच नाही. नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये त्याला मान्यता दिली.

ही सगळी माहिती मी पेंटरकाकांनाही दिली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका दुकानांचे बोर्ड रंगवायचे. नैराश्य जुनं, दोन औषधं बदलून झालेली, फरक अर्धामुर्धा. डॉक्टरांनी टीएमएस सुचवलं आणि काकांनी येणंच बंद केलं. मग एक दिवस मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली.

“तुमची भीती नेमकी कसली आहे, काका?”

“भीती नाही. चुंबक नको, एवढंच.”

माझी पद्धत अशी की भीतीची समजूत घालायला लगेच जायचं नाही. भीतीच्या पोटात एक वाक्य असतं, ते माणूस स्वतःशीच बोलत असतो. ते बाहेर आलं नाही तर तुम्ही दिलेली माहिती पालथ्या घड्यावर पाणी. काकांचं वाक्य बाहेर यायला बराच वेळ लागला. ते मुलीकडे बघत म्हणाले, “हिने वाचलंय. मेंदूच्या उजव्या बाजूला चुंबक लावला की डावी बाजू नीट दिसत नाही. मी पट्टी न लावता अक्षरं बसवतो, मॅडम. तेवढंच उरलंय माझ्याकडे.”

मुलीने वाचलेलं खोटं नव्हतं. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागे वरच्या अंगाला, पार्श्वखंड असतो. आपल्या आजूबाजूच्या जागेवर लक्ष ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तिथे अर्धांगाच्या झटक्याने इजा झाली तर काही रुग्णांना डावीकडचं जगच जाणवेनासं होतं. डोळे ठीक असूनही ताटातली डावी बाजू तशीच राहते. निरोगी लोकांवर टीएमएसने याचीच अगदी सौम्य, तात्पुरती नक्कल करता येते. रेघेचा मध्य उजवीकडे सरकल्यासारखा वाटू लागतो. 2001 मधल्या एका प्रयोगात उजव्या पार्श्वखंडावर दहा मिनिटं, सेकंदाला एक अशी संथ स्पंदनं दिली. नंतर दोन्ही बाजूंना एकदम आकृत्या दाखवल्या तर डावीकडची सुटायची, आणि उजवीकडे एकटीच दाखवली तर ती आधीपेक्षा सहज कळायची. एक बाजू मंदावली की दुसरी वरचढ होते. दोन्ही गोलार्धांमध्ये अशी रस्सीखेच चालू असते असं अनेक संशोधक मानतात. त्यामुळेच अर्धांगाच्या झटक्यानंतरच्या रुग्णांमध्ये उलट, डाव्या बाजूला संथ स्पंदनं देऊन तोल परत आणण्याचे प्रयत्न झाले आणि काही अभ्यासांत त्याचा उपयोगही दिसला.

प्रयोगातला असा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. शिवाय नैराश्यात कॉइल बहुधा डाव्या बाजूला, कपाळाच्या वरच्या भागावर ठेवतात. उजवा पार्श्वखंड तिथून बराच लांब. नेहमीच्या कॉइलचा प्रभावही दोन-तीन सेंटिमीटर खोलवरच पोचतो. हे मी सांगितलं. काकांनी मान डोलावली. ती ‘पटलं’वाली मान नव्हती, ‘चला, उठू या’वाली होती.

मग मी कोरा कागद काढला. पट्टीने वीस सेंटिमीटरची आडवी रेघ मारली, पट्टी खणात ठेवली आणि त्यांना म्हटलं, “नजरेने मध्य दाखवा.” त्यांनी पेन्सिल उचलली, एक डोळा बारीक केला आणि ठामपणे खूण केली. मी मोजलं. खूण मध्यापासून किंचित डावीकडे होती. दोनेक मिलिमीटर असेल.

“पट्टी चुकीची आहे,” काका म्हणाले.

दुसरी रेघ. पुन्हा डावीकडे. निरोगी माणसांपैकी बहुतेकांचा कल असा जरासा डावीकडे असतो, हे मला माहीत होतं. काका अपवाद निघाले असते तर मला दुसरी वाट शोधावी लागली असती. आता ते खरोखर चिडले होते. महिनोन्‌महिने ज्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, तिथे ही चीड बघून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

“मग इतकी वर्षं तुमचे बोर्ड सरळ कसे आले?” मी विचारलं.

ते गप्प झाले. मी मध्ये बोलले नाही. समुपदेशनात ही जागा फार मोलाची असते आणि नवशिके नेमके तिथेच बोलतात.

“शिडीवरून उतरतो ना,” ते सावकाश म्हणाले. “रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघतो. मग खडूने सरकवतो. कधी दोनदा, कधी चारदा.”

“म्हणजे माप कुठे आहे?”

“...उतरून बघण्यात.”

इथे काकांची गाठ सुटली. ज्या अचूक नजरेला ते जपत होते ती तशी अचूक कधीच नव्हती. त्यांचं कसब पडताळून दुरुस्त करण्यात होतं. मेंदूचं रोजचं कामही असंच चालतं. मी हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा मान डोलावली असती. त्यांनी ते मला सांगितलं, म्हणून ते टिकलं. मी तंत्रांची फारशी भक्त नाही, पण योग्य प्रश्न योग्य वेळी टाकणं ही माझ्या कामातली कारागिरी आहे असं मानते.

काकांनी उपचार घेतले. मनःस्थिती बरीच सुधारली, पूर्ण नाही. औषध चालूच आहे. टीएमएसने प्रत्येकाला फरक पडतोच असं नाही, हे आधी ऐकून ठेवलेलं बरं.

तुमच्या घरात हा विषय चालू असेल तर ‘चुंबक वाईट की चांगला’ यावर वाद घालू नका. ‘तुला नक्की काय हरवेल असं वाटतं?’ हे विचारा. उत्तर बहुधा मेंदूबद्दल नसतं. हातातल्या कामाबद्दल, नात्याबद्दल, ओळखीबद्दल असतं. इंटरनेटवर एखादा प्रयोग वाचलात तर तीन गोष्टी बघा: कॉइल कुठे लावली होती, स्पंदनं किती आणि कोणत्या गतीची होती, परिणाम किती वेळ टिकला. जागा आणि गती बदलली की परिणाम बदलतो, कधी उलटाही होतो. म्हणूनच घरगुती यंत्रं आणून स्वतःवर प्रयोग करण्याच्या फंदात पडू नका.

डॉक्टरांना बेधडक विचारा की कॉइल कुठे ठेवणार, किती आठवडे यावं लागेल (साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे), आणि अंगठा हलेपर्यंत स्पंदनं देऊन ताकद कशी ठरवतात. कॉइलचा टकटक आवाज मोठा असतो, कानात बोळे घालायला देतात. डोकं दुखणं किंवा कॉइलच्या जागी टोचल्यासारखं होणं हे त्रास जास्त आढळतात. फिट येण्याचा धोका फार कमी, पण आहे. त्यामुळे पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. झोप झाली नसेल किंवा दारू घेतली असेल तर तेही त्या दिवशी लपवू नका.