वाचकांचे प्रश्न : सॅम क्रॉफर्ड यांचे ३०९ ट्रिपल

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघातून बेसबॉल खेळते. होमरनचे (चेंडू थेट भिंतीपलीकडे मारण्याचे) जुने विक्रम केव्हाच मागे पडले. मग जुन्या काळचे अमेरिकन खेळाडू सॅम क्रॉफर्ड यांचा कारकिर्दीतील ३०९ ट्रिपलचा विक्रम शंभर वर्षांनंतरही कसा टिकून आहे, असे ती विचारते. कृपया खुलासा करावा.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ट्रिपल म्हणजे एकाच फटक्यावर धावत तिसरा बेस (मैदानावरील धावण्याचा टप्पा) गाठणे. क्रॉफर्ड खेळत होते त्या काळात मैदानांच्या भिंती दूर असत, आणि एकच चेंडू मळून मऊ पडेपर्यंत वापरला जात असल्याने तो भिंतीपलीकडे जाणे दुर्मीळ होते. त्यामुळे आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षक, बरेच पुढे उभे राहत, आणि जोरकस फटका त्यांच्या डोक्यावरून गेला की, सीमारेषा न आखलेल्या मैदानावरच्या क्रिकेटप्रमाणे, चेंडू परत येईपर्यंत फलंदाजाला धावत राहता येई. १९२० नंतर चेंडू वारंवार बदलला जाऊ लागला आणि असेच फटके होमरन ठरू लागले. आज एखाद्याने सलग पंधरा वर्षे दरवर्षी वीस ट्रिपल मारले, तरी त्याची बेरीज ३०० च होईल.

तथापि सारे श्रेय मैदानांना देणे अन्यायाचे होईल, कारण त्याच मैदानांवर खेळलेले त्यांचे डेट्रॉइट संघातील सहकारी टाय कॉबही क्रॉफर्ड यांच्या मागेच राहिले. नेब्रास्का राज्यातील वाहू या गावी १८८० मध्ये जन्मलेले आणि तरुणपणी न्हाव्याचे काम शिकलेले क्रॉफर्ड १८९९ मध्ये सिनसिनाटी संघात आले. १९०१ मध्ये १६ होमरन मारून ते अमेरिकेतील दोन प्रमुख (मेजर) लीगपैकी नॅशनल लीगमध्ये पहिले आले. पुढे डेट्रॉइट टायगर्सकडून १९०८ मध्ये दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्येही त्यांनी तोच मान मिळवला, आणि तोही अवघ्या ७ होमरनवर! १९१४ मधील त्यांचे २६ ट्रिपल त्या लीगमध्ये आजवर कोणी ओलांडलेले नाहीत.

विजेतेपद मात्र हुकतच गेले. १९०७, १९०८ आणि १९०९ अशा सलग तीन वर्ल्ड सीरिजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) डेट्रॉइटचा पराभव झाला. कॉब आणि क्रॉफर्ड यांचे आपसांत पटत नसे, मात्र बेसवर दोघांची जोडी प्रतिस्पर्ध्यांना भारी पडे. १९१७ मध्ये क्रॉफर्ड मेजर लीगमधून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या नावावर २,९६१ हिट (बेस गाठून देणारे यशस्वी फटके) होते. त्यानंतर ते लॉस एंजेलिसच्या संघाकडून पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये १९२१ पर्यंत खेळले. बेसबॉलमधील थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड १९५७ मध्ये, म्हणजे फारच उशिरा झाली.