गोळी एक, डॉक्टर तीन

प्रश्न : माझ्या 38 वर्षांच्या बहिणीच्या डाव्या पायात दोन वर्षांत दुसऱ्यांदा रक्ताची गाठ झाली. रक्तवाहिन्यांचे सर्जन म्हणतात, रक्त पातळ करणारी गोळी तीन महिन्यांनी थांबवता येईल. रक्तविकारतज्ज्ञ ती पुढेही चालू ठेवायला सांगतात. आणि दाढ काढायची असल्यामुळे दंतवैद्य ती आताच बंद करा म्हणतात. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक

उत्तर : तिघांपैकी एकाचे ऐकण्याआधी तिघांना एकमेकांचे ऐकायला लावणे आवश्यक आहे, आणि तोवर गोळी स्वतःहून बंद करू नये.

शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर अशा तात्पुरत्या कारणाने पहिल्यांदाच गाठ झाली असेल, तर तीन महिन्यांचे उपचार बहुधा पुरेसे ठरतात. परंतु ठळक कारणाशिवाय दुसऱ्यांदा गाठ झाल्यास गोळी सहसा दीर्घकाळ चालू ठेवली जाते. त्यामुळे पहिल्या गाठीचे कागद सर्जनांनी पाहिले आहेत का, हे आधी विचारा.

दोन्ही वेळा डावाच पाय, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. ओटीपोटात डाव्या पायाची मुख्य शीर उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीखालून जाते, आणि काही जणांत ती धमनी व मणका यांच्यामध्ये दाबली जाते. पायाच्या नेहमीच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) हा दाब निसटू शकतो. त्यासाठी ओटीपोटातील शिरांचा सीटी किंवा एमआरआय करावा लागतो. दाब आढळल्यास स्टेंट घालायचा की नाही हे सर्जन पाहतील, पण त्यानंतर गोळी किती काळ घ्यायची हे रक्तविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरायला हवे.

रक्ताच्या तपासण्यांतही हाच समन्वय लागतो. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे जुने औषध चालू असताना प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या गाठ होऊ न देणाऱ्या प्रथिनांची पातळी त्या औषधामुळेच कमी येते, आणि हे ध्यानात न घेतल्यास रुग्णावर जन्मजात दोषाचा शिक्का बसतो. गाठीचा धोका वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर ती किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ती पुन्हा ठळकपणे पॉझिटिव्ह आल्यास रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपेक्षा वॉर्फरिन अधिक भरवशाचे मानले जाते. बहिणीला मूल हवे असेल किंवा ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही यात घ्या, कारण वॉर्फरिन गर्भाला घातक ठरू शकते आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी गाठीचा धोका वाढतो.

दाढेचे म्हणाल तर एखादी दाढ काढण्यासाठी गोळी बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही. टाका घालून आणि बोळा दाबून रक्त थांबवता येते. वॉर्फरिन असेल तर आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा, पाहावा. तो साधारण 2 ते 3 असावा लागतो. दंतवैद्यांनी रक्तविकारतज्ज्ञांना एक फोन करावा, एवढा आग्रह मात्र तुम्ही जरूर धरा.

‘गोळी चालू ठेवावी’ असे लिहिलेली, पण कधीपर्यंत आणि कोणाला विचारून, याचा उल्लेख नसलेली डिस्चार्ज कार्डे मी अनेकदा पाहतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. बहिणीच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर गोळीचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, पुढच्या फेरविचाराची तारीख आणि गोळीची जबाबदारी घेणाऱ्या एका डॉक्टरांचे नाव लिहून घ्या. अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले, शौचास काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर त्या डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा आणि ते पान सोबत न्या.