आकाश नारंगी झालं तेव्हा बाळ सहा आठवड्यांचं होतं

प्रश्न: डॉक्टर, आम्ही सॅन होझेला राहतो. मुलगा जुलै 2020 चा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वणव्यांमुळे 9 सप्टेंबरला भर सकाळी आकाश नारंगी झालं तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचा. कोविडमुळे भारतातून कुणी येऊ शकलं नाही, घरात एसी नव्हता, उकाड्याने बाळ रडायचं म्हणून मी रात्री खिडकी उघडायचे. आता प्रत्येक सर्दीत त्याला रात्रभर खोकला, छातीत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी इनहेलरचा पंप दिलाय पण सासूबाई म्हणतात सवय लागेल, त्यापेक्षा ओव्याची धुरी दे. हे त्या धुरानेच झालं का? माझं चुकलं का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही. उकाड्यात तान्हं बाळ कोंडून ठेवणंही धोक्याचंच असतं.

आता धुराचं. 2008 च्या जूनमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात विजा पडून वणवे लागले, तेव्हा तिथल्याच डेव्हिस शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात उघड्यावर राहणारी माकडांची पिल्लं दोन-तीन महिन्यांची होती आणि साधारण दहा दिवस त्या धुरात राहिली, मुद्दाम कुणी ठेवली नव्हती हं. तीनेक वर्षांनी तपासलं तर पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांपेक्षा यांची फुप्फुसं लहान आणि ताठर निघाली, प्रतिकारशक्तीही मंद. कारण फुप्फुसातले बहुतेक वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, जन्मानंतर तयार होतात, त्यात तान्हं बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं आणि धुरातले पीएम 2.5 कण केसाच्या तिसाव्या भागाएवढे, थेट खोलवर जातात. पण माणसाच्या एका मुलाकडे बोट दाखवून ‘हे त्या धुरानेच’ असं कुणीच सांगू शकत नाही, व्हायरल सर्दी, घरातली अ‍ॅलर्जी, आईवडिलांचा दमा, सगळंच असतं त्यात. घरात कुणाला दमा आहे का ते त्याच्या डॉक्टरांना नक्की सांगा, आणि रात्रीच्या खोकल्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा, दवाखान्यात गेलं की मुलं नेमकी खोकत नाहीत!

पंपाची सवय लागत नाही. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी) लावून, सांगितला तसाच द्या, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. आणि धुरी? निखाऱ्यावर ओवा टाका नाहीतर जंगल जळू दे, फुप्फुसाला दोन्ही धूरच. सासूबाईंना माझं नाव सांगा, मी खाते शिव्या.

एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, 150 च्या वर गेला की खिडक्या बंद, मूल झोपतं त्या एका खोलीत हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा हवा शुद्ध करणारा प्युरिफायर, गाडीत हवा आतल्या आत फिरवायचं बटण. त्या दिवसांत उदबत्ती आणि मिरच्यांची खमंग फोडणी नको. प्युरिफायर महाग वाटला तर चौकोनी बॉक्स फॅनला मर्व्ह 13 दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर चिकटवूनही बरंच काम होतं. तोंडाला ओला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, आता तो पाच वर्षांचा आहे तर त्याच्या मापाचा एन-95 चालेल, घट्ट बसला तरच, दोन वर्षांखालच्याला मात्र मास्क अजिबात नाही.

फिल्टर मे महिन्यातच घेऊन ठेवा, वणवा पेटला की दुकानं रिकामी होतात.