सिरिंज बदलली आणि आईची शुगर चढली

प्रश्न: आईला सकाळी 20 युनिट इन्सुलिन असतं. नेहमीच्या सिरिंज संपल्या म्हणून मेडिकलमधून मिळाल्या त्या आणल्या, रोज 20च्या रेषेपर्यंतच भरत होते तरी आठवडाभर शुगर 300च्या खाली येईना. शेवटी नर्सताई म्हणाल्या, सिरिंजच वेगळी आहे. घरचे म्हणतात तू नीट बघितलं नाहीस. खरंच माझी चूक का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40चं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, आणि पेनमधलं 100चं. सिरिंजही तशाच दोन, 40ची लाल टोपीची, 100ची केशरी टोपीची. तुमच्या हातात केशरी आली असणार. तिच्यावरचा 20चा आकडा म्हणजे 0.2 मिली, त्यात तुमच्या बाटलीतलं इन्सुलिन मावतं फक्त 8 युनिट! उलटं झालं असतं, 100चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये, तर 20च्या रेषेला 50 युनिट गेले असते आणि शुगर इतकी खाली गेली असती की जिवावर बेतलं असतं.

आता बघा, लाल आणि केशरी, त्यात घाईची सकाळ, आणि सुई टोचायच्या आधी तीच टोपी काढून बाजूला ठेवायची, मग हातात उरते ती बारीक रेषांची नळी, दोन्ही जवळपास सारख्याच. इथे कुणीही चुकेल. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅपच्या, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांच्या, स्विचऐवजी चाकांचा स्विच ओढायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि एकसारखे आहेत. त्यांनी एकाला चाकासारखी मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीसारखी, म्हणजे न बघता हाताला कळावं. भूल देण्याच्या मशीनवरही ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरच्या पिना वेगळ्या जागी असतात, चुकीचा सिलिंडर बसतच नाही. मला हेच खरं डिझाइन वाटतं. सिरिंज मात्र कुठल्याही बाटलीत खुशाल घुसते आणि सगळा भार घरच्या माणसाच्या डोळ्यांवर.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचं 2016चं मार्गदर्शन सांगतं की असं उपकरण बाजारात येण्याआधी ते जे वापरणार त्यांच्या प्रत्येक गटातल्या किमान 15 जणांच्या हातात देऊन बघा, ते कुठे अडखळतात ते टिपा. त्यात मोतीबिंदू झालेली आजी आणि घाईतली सून दोघीही हव्यात असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आत्ता एवढं करा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या नळीवर छापलेला यू-40 किंवा यू-100 शेजारी धरून वाचा, दोन्ही 40 हवेत. मेडिकलमध्ये नुसती सिरिंज मागू नका, रिकामी बाटली सोबत न्या. जुन्या आणि नव्या सिरिंज एका डब्यात नकोत. आणि राहिलेला डोस मनाने वाढवून देऊ नका, डॉक्टरांना आजच फोन करून आठ दिवसांचं सगळं सांगा, 8 युनिटच जात होते हेही.